अमरावती रोडच्या पलीकडची सोयरीक

आमच्या घराण्यात मी लग्नं जुळवणारा म्हणून ओळखला जातो. हा मान मी मागितलेला नाही. तरुणपणी एका चुलतबहिणीचं स्थळ मी एसटीत शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या गप्पांतून काढलं, ते लग्न टिकलं, आणि तेव्हापासून सगळ्यांच्या मुलामुलींच्या पत्रिका माझ्या टेबलाच्या खणात येऊन पडू लागल्या. आजवर अकरा लग्नं जमवली. त्यांतली नऊ सुखाची म्हणायला हरकत नाही. उरलेल्या दोन घरांत मला चहा विचारत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं त्याला सवय म्हणायचं की मूर्खपणा, हे ठरवायला त्याचा उपयोग होईल. माझ्या मुलीने ते ठरवलेलं आहे.

मुलगी बाहेरगावच्या एका संस्थेत बेडकांवर पीएच.डी. करते. नातेवाइकांना मी फक्त ‘जीवशास्त्र’ एवढंच सांगतो. मुलगी बेडकांच्या तोंडात कापूस फिरवते, असं खरं खरं सांगितलं की स्थळाची बोलणी तिथेच थांबतात, हे मी दोनदा अनुभवलं. बारावं लग्न तिचं जमवायचं माझ्या मनात होतं. ते मनातच राहिलं.

कामासाठी तिने नागपूर निवडलं तेव्हा मला आणि हिला वाटलं, आपल्या ओढीने निवडलं. सात वर्षं ती दिवाळीला चार दिवस येत होती, त्यातला एक दिवस झोपेत जायचा. मी मोठ्या आनंदाने विचारलं, “घरची आठवण आली ना?”

ती म्हणाली, “तसं नाही, बाबा. इथली तळी जुनी आहेत आणि रस्ते नवे. मला तसंच पाहिजे होतं.”

चालेल, म्हटलं. कारण काही का असेना, तीन पावसाळे पोरगी प्रताप नगरात आपल्या घरी राहणार होती.

शहराच्या टोकाला वाडी नावाचं गाव आहे. त्याच्या पुढे, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे मुरमाची एक जुनी खदान आहे. मुरूम काढून लोक निघून गेले, खड्ड्यात पाणी राहिलं, आणि त्याचं तळं झालं. रस्त्याच्या पलीकडे शेतांच्या कडेला एक बोडी आहे. मातीची पाळ घालून पाणी अडवलेल्या लहान तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. खदानीच्या काठावर उभं राहिलं की बोडीत बसलेल्या म्हशी मोजता येतात, इतकं ते जवळ. मध्ये फक्त अमरावती रोड. फक्त म्हणजे जाणारी लेन, येणारी लेन, मधोमध सिमेंटचा दुभाजक आणि त्यावरून कधीच न थांबणारे ट्रक. मुलीची आणखी दोन तळी कोराडीकडे होती, पण तिथल्या वीज केंद्राच्या राखेने माझा दमा उठतो म्हणून ती मला तिकडे नेत नसे. वाडीची जोडी माझ्या वाट्याला आली.

तिचं काम काय आहे ते तिने आम्हाला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. कुठल्याशा लग्नाची पत्रिका उलटी करून त्यावर दोन गोल काढले आणि मध्ये एक रेघ.

“ही खदान, ही बोडी. पूर्वी हे सगळं एकच रान होतं. पावसाळ्यात पिल्लं तळ्याबाहेर पडायची, बरीचशी आसपास राहायची, पण थोडी भटकत दुसऱ्या तळ्यावर जायची आणि तिथेच घर करायची. त्यामुळे दोन्हीकडचे एकमेकांचे नातेवाईक. आता मध्ये रस्ता आलाय. ते अजून नातेवाईक राहिलेत का, ते मला बघायचंय.”

“पण लांब कुठे आहे ते?” मी म्हणालो. “चारशे पावलं नसतील.”

“तुमची चारशे. शेतातून, गवतातून तो कितीही लांब जाईल. पण तापलेल्या सिमेंटचे वीस फूट त्याला जमायचे नाहीत. अंतर नाही बघायचं, मध्ये काय आहे ते बघायचं.” मग जरा थांबून म्हणाली, “काकाचं घर इथून किती लांब आहे?”

माझा मोठा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहतो. वडिलांच्या आजारपणात कोण जास्त जागलं यावरून आमचं बोलणं झालं, आणि त्यानंतर सहा वर्षांत मी त्या गल्लीत शिरलेलो नाही. अमरावतीच्या बहिणीकडे मात्र दर महिन्याला जातो.

“आता बरोबर समजलं असेल,” ही स्वयंपाकघरातून म्हणाली. आणि मग, विषय माझ्यावरून हलावा म्हणून असेल, तिनेच विचारलं, “पण नाहीच भेटले एकमेकांना, तर काय होतं गं?”

“मग सगळं आपसातच होतं, आई. पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात. हळूहळू अंडी कमी फुटतात, पिल्लं अशक्त निघतात, आणि एखादा रोग आला की सगळं तळं एकदम जातं.”

“सगोत्र,” मी म्हणालो.

“हो. तसंच समजा.”

माझ्यासारख्या माणसाला ‘तसंच समजा’ म्हणायला नको होतं.

पहिल्या पावसाळ्यात मी तिचा हरकाम्या झालो. कचेरीतून सुटलो की स्कूटरवर तिला मागे बसवून वाडीला जायचं, वाटेत नाक्यावर तर्री-पोहे खायचे, आणि दिवेलागणीला खदानीवर पोचायचं. ती गुडघाभर पाण्यात उतरून भेक पकडायची. भेक म्हणजे खरबरीत पाठीचा, अंगणात दिव्याखाली किडे खात बसतो तो. मी आयुष्यभर त्याला बेडूकच म्हणत आलो आणि ती तीन वर्षं मला दुरुस्त करत आली. ती त्याचं तोंड हलकेच उघडून आत कापसाची काडी फिरवायची, त्या लाळेवरून कोण कुणाचा नातेवाईक ते कळतं म्हणे, आणि मी बारीक नळीवर नंबर लिहायचा. इतक्या वर्षांच्या कारकुनीत माझं अक्षर पहिल्यांदा कुणी वाखाणलं ते तिथे. मग ती भेकाला जिथून उचललं त्याच दगडाशी नेऊन ठेवायची.

“ह्याला दोन हात इकडे ठेवलं तर काय बिघडतं?” मी एकदा विचारलं. पाय दुखत होते.

“बिघडतं, बाबा. जिथला तिथेच. मी इथे काही बदलायला आलेले नाही, बघायला आलेय.”

हे वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

हिवाळ्यात तिचा फोन आला. तपासणी झाली होती. खदानीतले वेगळे पडले होते, बोडीतले वेगळे. तिच्या आवाजात काम जमल्याचा आनंद होता. मी मात्र फोन ठेवून ती दोन गोलांची पत्रिका खणातून काढली. इतक्या जवळचे लोक. आणि बोडीवाले तर थोडेच होते, तिने सांगितलं. तिथे अंडी कमी फुटत होती.

दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, तिला महिनाभर संस्थेत परत जावं लागलं. जाताना माझ्यावर एक काम सोपवलं. दर रविवारी सकाळी दोन्ही तळ्यांत रोवलेल्या काठीवरची पाण्याची खूण पाहायची, थर्मामीटर बुडवायचा आणि आकडे तिला पाठवायचे. मला फार बरं वाटलं. लेकीने काम सांगितलं की बापाचं वय निम्म्याने कमी होतं.

पहिल्याच रविवारी, भुरभुर थांबून नुकतं आभाळ उघडलेलं, मी खदानीच्या काठाने चाललो होतो आणि जमीन हलताना दिसली. पिल्लं. बोराएवढी नाहीत, बोराच्या बीएवढी. शेपूट गळून पाय फुटलेली, काळी, शेकड्यांनी. गोदामाच्या भिंतीला धडकत, भिंतीच्या कडेने सरकत ती सगळी गोदामाच्या फाटकापाशी जमत होती आणि तिथून सरळ रस्त्याकडे. रस्त्यावर काय चाललं होतं ते मी लिहीत नाही. ट्रकच्या चाकाचा आवाज तर मोठा असतोच, त्यात त्यांचा काही आवाज येत नव्हता, एवढंच सांगतो.

गोदामाचा चौकीदार म्हणजे काटोलकडचा एक म्हातारा. मुलीला तो ‘बेंडकावाली बाई’ म्हणायचा. तो स्टुलावर बसून तंबाखू मळत होता.

“रोजचंच हाय हे, साहेब. महिनाभर चालते. सायाचे एका मागं एक जाऊन राहिले अन्‌ मरून राहिले. त्याईले काही समजत नाही.”

“थांबवता नाही येत?”

“ट्रकले का बेंडकाले?”

माझ्या स्कूटरच्या डिकीत हिचा पोह्यांचा स्टीलचा डबा होता. तो मी काढला. खरं सांगतो, त्या वेळी मनात फक्त दया होती. डबा अर्धा भरेपर्यंत दयाच होती. मग रस्ता ओलांडायला मी डबा छातीशी धरून उभा राहिलो, आणि परत खदानीकडे बघण्याऐवजी समोर बोडीकडे बघितलं. तिकडे थोडेच उरलेत. तिकडे अंडी फुटत नाहीत. आणि माझ्या हातात चांगल्या घरची, परगोत्रातली, ऐन वयात येऊ घातलेली शे-सव्वाशे स्थळं.

चौकीदार मागून ओरडला, “साहेब, काहून नेऊन राहिले तिकडं?”

“सोयरीक करायला,” मी म्हणालो.

तो इतका हसला की त्याची तंबाखू सांडली. मग तोही एक प्लास्टिकचा मग घेऊन उठला. त्याच्या गावात म्हणे पाऊस लांबला की धोंडी काढायचे, मुसळाला कडुलिंबाच्या पाल्यात बेडूक बांधून दारोदार फिरवायचे, आणि नंतर तो बेडूक त्याच्या तळ्यात न सोडता पुढच्या गावच्या तळ्यात सोडायचे. “माह्या बापानं सोडले, मी सोडले. पुण्याचं काम हाय, न्या तुम्ही.” एका कारकुनाला एवढी परवानगी पुरते.

चार रविवार मी ते केलं. त्या चार रविवारांइतका उपयोगी मी नोकरीत कधी नव्हतो. आणि कचेरीत प्रत्येक कागदाची आवक-जावक लिहिल्याशिवाय पाणी न पिणारा मी माणूस, इथे एक टिपण ठेवलं नाही. पाण्याची खूण आणि थर्मामीटरचे आकडे मात्र तिला वेळेवर पाठवले, अचूक.

सांगणार होतो. ती परत आली की डब्यासकट गंमत सांगायची, असं ठरवलंही होतं. पण ती आली त्याच दिवशी मी तिच्यासमोर एका स्थळाचा फोटो ठेवला, त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला, आणि अबोला संपल्यावर गमतीची गोष्ट सांगण्यासारखी राहिली नाही. पुढे पुढे तर ती मलाच नीट आठवेनाशी झाली. न आठवण्याचा मला चांगला सराव आहे.

तिसरा पावसाळा गेला. तिने दोन्हीकडचे पुन्हा कापूस फिरवून नमुने घेतले, ह्या वेळी तरुण भेकांचेही. मी नंबर लिहिले. बोडीकाठी एका टपोऱ्या तरुण भेकाचं तोंड तिने उघडलं तेव्हा मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असेन. “काय झालं?” तिने विचारलं. “काही नाही,” मी म्हणालो, “तब्येतीने बरा आहे.”

जानेवारीत ती कळवल्याशिवाय घरी आली. दार उघडताच मला मिठी मारली. ही गोष्ट आमच्याकडे दहावीच्या निकालानंतर झाली नव्हती. बूट न काढता तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

“बाबा, ते जातायत! बघा. हे बोडीत सापडलेले, पण रक्ताने खदानीचे. एक-दोन नाहीत. पहिल्या पिढीचे पाहुणे आहेत हे, रस्ता ओलांडून आलेले.”

“पण रस्त्यावर तर...” ही म्हणाली.

“रस्त्यावरून नाही, आई. रस्त्याखालून. तिथे एक मोरी आहे, सिमेंटचा पाइप, पावसाचं पाणी जायला. त्यातून जात असणार. आधी जात नव्हते, आता वाट सापडली.” तिचे डोळे असे चमकत होते की मी पाहू शकत नव्हतो. “आणि माहितीये, तो रस्ता आणखी रुंद होणार आहे. आमच्या सरांकडे रस्तेवाल्यांनी मत मागितलंय की प्राण्यांसाठी वेगळी वाट काढावी लागेल की आहेत त्या मोऱ्या पुरतील. सर म्हणाले, तूच लिही. मी लिहितेय की पुरतील. पुरावा आहे माझ्याकडे.”

हिने साखर दिली सगळ्यांच्या हातावर.

मी बाजारातून सांबार आणायला बाहेर पडलो. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडची. कोथिंबीर घरात होतीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणली. तिसऱ्या दिवशी तिसरी जुडी टेबलावर ठेवली तेव्हा ही माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही काय करून बसलात?”

बत्तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिने नेहमी अचूक वेळी विचारला आहे.

मुलगी त्याच टेबलावर ते मत लिहीत होती. मी समोरची खुर्ची ओढली. मला वाटलं होतं की जरा हसत सांगावं, डबा, चौकीदार, सोयरीक, अशा क्रमाने. तो क्रम पहिल्या वाक्यातच मोडला. जे सांगायचं ते मी टेबलावरच्या कोथिंबिरीकडे बघत सांगितलं.

ती रागावली असती तर मला पेलवलं असतं. तिने वही घेतली आणि पेनाचं टोपण काढलं.

“किती?”

“मोजले नाहीत.”

“अंदाजे?”

“डबा. दोन डबे, कधी तीन. आणि चौकीदाराचा मग.”

“किती रविवार?”

“चार.”

“इकडून तिकडेच? की तिकडून इकडेही आणलेत?”

“तिकडून कशाला आणीन?” मी म्हणालो. “तिकडे कुठे होते.”

तिने तेही लिहिलं. मग लिहिता लिहिता थांबली. “मी सांगितलं होतं तुम्हाला. जिथला तिथे.”

“ते मोठ्या भेकांचं सांगितलं होतंस, मला वाटलं...”

“बाबा.”

मी कोथिंबिरीची जुडी बाजूला सरकवली.

“ते बोडीतल्यांबरोबर गेल्या पावसाळ्यात मिसळलेसुद्धा असतील,” ती म्हणाली. माझ्याशी नाही, वहीशी. “आता ते कधीच वेगळं काढता येणार नाही.”

“मारून तर नाही ना टाकले त्यांनी,” ही मध्ये पडली. “वाचवायलाच गेले होते.”

“हो, आई. माहितीये मला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच वाडीला निघाली होती. मी स्कूटर काढली. ती मागे बसली. नाक्यावर पोह्यांपाशी मी वेग कमी केला, तिने पाठीवर हात ठेवून पुढे चला म्हटलं.

मोरीचं खदानीकडचं तोंड बेशरमाच्या झुडपांत होतं. पावसाळ्यात ते पाण्यात बुडलेलं असायचं, म्हणून आत काय आहे ते दिसत नसे. आता कोरडं होतं. तिने झुडपं बाजूला केली, गुडघ्यांवर बसली आणि आत टॉर्च मारला. मग उठली आणि मला पाहायला जागा दिली. माझी ढेरी अडत होती तरी मी वाकलो. हातभर आत सिमेंटची फाटकी पोती होती, त्यावर प्लास्टिक, त्यावर गाळ, आणि तो सगळा वरच्या छतापर्यंत दगडासारखा वाळलेला. मुंगी गेली असती. मोठी मुंगी नसती गेली.

चौकीदार काठी टेकत आला. “ते मोरी तं कवाचीच बुजली, बाई. तीन-चार साल झाले. काहून पाहून राहिली?”

“उगाच,” ती म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहून डोळा मारला. “मंग साहेब, औंदा नेता का नाही आपले पोट्टे सासरी?”

मी त्याला हाताने गप्प राहा म्हणत होतो. त्याला ते दिसलं नाही. तिला दिसलं.

परत येताना सिग्नलला ती म्हणाली, “मी आत वाकून पाहिलं नाही. तीन वर्षांत एकदा पाहायला पाहिजे होतं. ती चूक माझी आहे.” मला तिने दोष दिला असता तर मी काहीतरी बोललो असतो. सिग्नल सुटला.

तिने सरांना सगळं लिहून कळवलं. डबा आणि मगसुद्धा. त्या जोडीवरचं एक पूर्ण प्रकरण तिच्या प्रबंधातून गेलं, तीन पावसाळ्यांचं. ‘मोऱ्या पुरतील’ हे मत तिने फाडलं. ‘पुरणार नाहीत’ असं लिहायला पहिल्या वर्षाचे नमुने एकटे पुरत नव्हते, आणि पुढचे मी नासवलेले होते. सर म्हणाले, अशा आकड्यांवर काहीच म्हणता येत नाही. त्यामुळे काहीच म्हटलं गेलं नाही, आणि कुणाची वाट पाहत कामं थांबत नसतात. उन्हाळ्यात रस्ता रुंद करायला सुरुवात झाली. बोडीची रस्त्याकडची पाळ फोडली आणि अर्धी बोडी मुरूम टाकून बुजवली. तो मुरूम पिवळा होता, खदानीच्या कडेला अजून दिसतो तसाच. कुठून आणला ते मी विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात ती आली नाही. नवी तळी तिने दुसऱ्या जिल्ह्यात घेतली आहेत. फोन येतो, आईला येतो. एकदा मीच उचलला. इकडचं तिकडचं झालं आणि मी म्हणालो, रविवारी जरा वाडीकडे जावं म्हणतो.

तिच्याकडे कुठलंसं दार लावल्याचा आवाज आला.

“जायचंच असेल तर जा. पण हात लावायचा नाही.”

“नाही लावत.”

“फाटकापासून दुभाजकापर्यंत चालत जा आणि मेलेले मोजा. कुठे जास्त आहेत ते लिहा. दुसऱ्या कुठल्या रस्त्याच्या वेळी कामाला येईल. आणि बाबा, खरे आकडे.”

“खरेच देईन.”

तेव्हापासून जातो. ऑगस्टातले रविवार. स्कूटरच्या डिकीत आता वही आहे. डबा हिने परत फळीवर ठेवला आहे, त्यात पोहे ठेवायला मात्र ती तयार नाही. अर्ध्या उरलेल्या बोडीतून मधूनमधून भेकांचा आवाज येतो, तेव्हा ते माझ्या जमवलेल्यांपैकी आहेत की मूळचे, हे मला कळत नाही आणि आता कुणालाच कळणार नाही. हे बारावं म्हणायचं का? चहा विचारायला त्या घरात कुणी नाही.

मोजायला सुरुवात केली की मला वाटतं तितकं ते कठीण जात नाही. कठीण जातं ते जिवंतांकडे बघणं. चौकीदार स्टुलावरून म्हणतो, “उचला नं साहेब एक-दोन. कोण पाहून राहिलं?” मी हात पँटच्या खिशात घालून पुढे जातो.

मागच्या रविवारी दुभाजकाजवळ थांबून मी आकडा लिहीत होतो. खाली पाहिलं तर एक पिल्लू माझ्या डाव्या बुटावर चढलं होतं आणि नाडीच्या गाठीपाशी बसलं होतं. मी पाय हलवला नाही. येणारे-जाणारे ट्रक मला हॉर्न मारत होते. मी खिशातून फोन काढून तिला लावला.

“बुटावर बसलंय,” मी म्हणालो. “मी परत खदानीकडे निघालो तर तेही येईल. तिकडे गेलो तर तिकडे. काय करू?”

पलीकडे तिच्याकडेही पाऊस पडत होता, तो फोनमधून ऐकू आला. वाटलं, हसेल. पूर्वी हसली असती.

“उभे राहा, बाबा,” ती म्हणाली. “त्याला उतरू दे.”

मी उभा राहिलो. तिनेही फोन ठेवला नाही.